भुवई उतरली, मग पापणी कशाला कापायची?

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा 64 वर्षांचे, तीन वर्षांआधी बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा) झाली होती, बाकी चेहरा बराच सुधारला पण उजवी भुवई खालीच राहिली, गाडी चालवताना वरचा सिग्नल बघायला मान मागे करतात. एका ठिकाणी पापणीची जास्तीची कातडी काढू म्हणाले, भाऊ म्हणून राहिला दुर्बिणीचं करा, डाग दिसत नाही. बाबांना टक्कल आहे. काय करावं?
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर: ताई, टक्कल आहे हे लिहिलं ते बरं केलं, अर्धा निर्णय तिथंच होतो.

भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा, आणि त्याला चालवणारी नसच कमजोर झाली म्हणून भुवई खाली आली. म्हणजे नुसती पापणी कापली तर भुवई जिथं आहे तिथंच राहणार, आणि कातडी जास्त गेली तर डोळा मिटायचे वांधे. दुर्बिणीत केसांच्या आत तीन ते पाच छोटे छेद घेऊन कपाळ हाडापासून सुटं करतात, वर ओढून टाके नाहीतर स्क्रूनं पकडतात, ऑपरेशन चांगलं आहे हो, पण डाग लपवायला केस पाहिजेत ना! शिवाय लुळ्या, जड भुवईला ते बरेचदा कमी पडतं. आणखी एका पद्धतीत एका कानापासून दुसऱ्यापर्यंत हेअरबँडसारखा छेद घेतात, ते तर बाबांसाठी नकोच.

माझं मत डायरेक्ट ब्रो लिफ्ट. भुवईच्या वरच्या कडेला लागूनच मोजून कातडीची फाक काढायची, भुवई हाडावरच्या पडद्याला टाक्यानं अडकवायची, हे लोकल भूल देऊन होतं. डाग राहतो, खोटं कशाला सांगू, सुरुवातीला लाल दिसतो मग हळूहळू फिका पडतो, कपाळ थोडं बधिरही राहू शकतं. कपाळाच्या आठीत छेद लपवायची पण पद्धत आहे, पण पॅरालिसिसच्या बाजूला आठ्याच सपाट झालेल्या असतात.

आधी बाबा झोपले की उजवा डोळा पूर्ण मिटतो का ते बघा. उघडा राहत असेल तर डॉक्टरला पहिले तेच सांगा, भुवई किती उचलायची ते त्यावर ठरतं. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर मनानं बंद करू नका. ऑक्युलोप्लास्टीवाल्या, म्हणजे पापणी-भुवईची ऑपरेशनं करणाऱ्या, डोळ्यांच्या सर्जनला दाखवा, आणि जमलं तर हिवाळ्यात करा, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ताजा डाग काळा पडतो.

भुवई वर बसेल, पण हलणार नाही बरं का. डावी उचलली की फरक दिसेलच, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.