‘पाठवा’मधला काना इंग्रजीत कुठे जातो?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. जर्मनीतल्या ग्राहकाला इंग्रजीत मेल लिहितो, व्याकरण तपासून घेतो. तरी फोनवर तो चिडतो : ‘तुम्ही हो म्हणालात आणि केलं नाहीत.’ चुकतं कुठे?
(वाचक, वडोदरा)

उत्तर : व्याकरण बाजूला ठेवा. मराठीत मान क्रियापदाच्या टोकाला बसतो. ‘ड्रॉइंग पाठव’ आणि ‘ड्रॉइंग पाठवा’ यांत फरक एका कान्याचा, पण सगळा आदर त्या कान्यात. इंग्रजीत दोन्हींचं ‘सेंड द ड्रॉइंग’ होतं. काना गळतो आणि उरतो हुकूम. मग आपण वर ‘काइंडली’ चिकटवतो, तर परदेशी कानाला तो नोटिशीसारखा लागतो. ‘कुड यू सेंड द ड्रॉइंग बाय थर्सडे?’ असं विचारा, काना परत येतो. ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहू नका. हा वाक्प्रचार ब्रिटिशांचाच, पण त्यांच्याकडे तो कधीच जुना झाला. शिवाय नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही.

तुमचा खरा घोटाळा ‘हो’चा दिसतो. समोरचा बोलत असताना आपण ‘हां, हां, यस, यस’ करत राहतो. त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच. जपानी ‘हाय’सुद्धा पुष्कळदा असाच असतो. जर्मन माणूस मात्र त्या ‘यस’ला होकार धरतो. फोनवर हुंकार द्यायचाच असेल तर ‘आय सी’ किंवा ‘गो ऑन’ म्हणा आणि ‘यस’ फक्त कबुलीसाठी राखून ठेवा.

नकारार्थी प्रश्न त्याहून बेरका. ‘यू हॅव नॉट रिसीव्हड द ड्रॉइंग?’ असं विचारल्यावर आपण म्हणतो ‘यस’, म्हणजे ‘हो, बरोबर, नाही मिळालं’. आपला हो समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतलं यस-नो वस्तुस्थितीला असतं, तिथे या उत्तराला ‘नो’ लागतं. गोंधळ टाळायचा तर एका शब्दात उत्तर देऊच नका. ‘वी हॅव नॉट रिसीव्हड इट’ असं पूर्ण वाक्य बोला.

तिसरी गोष्ट ‘वी’ची. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे, गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ वेगळे. म्हणजे तुमच्या वर्कशॉपमध्ये कुणाचाच घोळ होत नाही. इंग्रजीत दोघांना मिळून एकच ‘वी’. ‘वी विल चेक द टॉलरन्स’ लिहिलंत की तपासायचं तुम्ही, त्यांनी की दोघांनी, हे त्याला कळत नाही. माप कुणीच तपासत नाही आणि माल परत येतो. ‘वी’च्या जागी नाव घाला : ‘अवर क्वालिटी टीम विल चेक’ किंवा ‘बोथ साइड्स विल चेक’.

आणि ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘प्रयत्न करतो’. आपल्याकडे ऐकणाऱ्याला त्यातला नकार कळतो, कारण तोही असाच नकार देतो. ‘वी विल ट्राय’ मात्र जर्मन ग्राहक वेळापत्रकात लिहून ठेवतो. गुरुवारी जमणार नसेल तर गुरुवारी जमणार नाही असं सांगा आणि त्याच वाक्यात जमणारा वार द्या. पुढचा वार दिला की तिथे असा नकार उद्धट ठरत नाही. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात चार ओळींची मेल जाऊ द्या : काय, किती नग, कोणत्या तारखेला, कोण करणार.

प्रश्न : त्याच जर्मन ग्राहकाच्या ऑर्डरींत ‘केडब्ल्यू 23’ आणि ‘1.250’ असं काहीतरी येतं. हे कसं वाचायचं?
(वाचक, वडोदरा)

उत्तर : केडब्ल्यू म्हणजे वर्षाचा आठवडा, त्यांच्या भाषेत ‘कालेंडरवोखं’. तिथे माल पोचवायची मुदत अनेकदा तारखेऐवजी आठवड्यात देतात. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात 4 जानेवारी येते तो पहिला. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक दाखवायची सोय असते, ती चालू करा.

जर्मनीत स्वल्पविराम आणि टिंब आपल्या उलट. ‘1.250 युरो’ म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. ‘12,500 मिमी’ म्हणजे साडेबारा, साडेबारा हजार नव्हे. ड्रॉइंगवर चुकीचं माप हसून सोडता येतं, कारण बारा मीटरचा बुश कुणी बनवत नाही. कोटेशनमध्ये तशी खूण पटत नाही, तिथेच नुकसान होतं. परदेशी कोटेशनमध्ये लाख-कोटी नको; 10 लाख म्हणजे एक मिलियन, 100 कोटी म्हणजे एक बिलियन. तारीख ‘3/4’ अशी कधीच लिहू नका. अमेरिकेत ती 4 मार्च होते. महिन्याचं नाव अक्षरात घाला.

भेटीची वेळ ठरवताना अजून एक. ब्रिटिश माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणतो तेव्हा साडेसात. जर्मनमध्ये ‘हाल्ब झीबन’ म्हणजे साडेसहा, सातकडे जाणारा अर्धा तास. शिवाय जर्मनीचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतं, त्यामुळे ते आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असतं.

प्रश्न : बरोबर इंग्रजी कुणाचं, ब्रिटिश की अमेरिकन? आणि आपलं चुकीचंच का?
(वाचिका, रावपुरा)

उत्तर : ज्याला लिहायचं त्याचं. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी 1985 मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारताला दुसऱ्या वर्तुळात ठेवलं, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसली तरी कारभाराची भाषा असलेल्या देशांत. इंग्रजी जन्मभाषा असलेल्यांपेक्षा ती नंतर शिकलेले आज कितीतरी जास्त आहेत. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या कोशात आहे, भारतात बिनधास्त वापरा. परदेशात मात्र तीन शब्द सांभाळा. ‘एमएस युनिव्हर्सिटीतून 2019 मध्ये पास्ड आउट’ याचा तिथे अर्थ बेशुद्ध पडलात असा होतो, ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे तुमच्या म्हणण्यावर माझा भरवसा नाही. शंका विचारायची तर ‘क्वेश्चन’. आणि ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, उत्तर देणं नव्हे.

प्रश्न : मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली, आता लंडनला शिकायला चालली आहे. ऑनलाइन मुलाखतीत दोनदा ‘पार्डन?’ ऐकावं लागलं. उच्चाराचा क्लास लावू का?
(वाचिका, दांडिया बाजार)

उत्तर : ब्रिटिश लकब उचलायची गरज नाही. तीन गोष्टी सुधारल्या तरी पुष्कळ फरक पडेल.

पहिली, हवा. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क बरोबर श्वासाचा झोत सुटतो. आपला प कोरडा, म्हणून ‘पिन’ त्यांना ‘बिन’ ऐकू येतं आणि ‘कोट’चा ‘गोट’ होतो. कागदाची पातळ पट्टी ओठांपुढे चार बोटांवर धरा. ‘पेन’ म्हटल्यावर ती हलली पाहिजे, ‘स्पेन’ म्हटल्यावर हलायला नको, कारण स नंतर झोत नसतो. पट्टी हलत नसेल तर ‘फूल’मधला फ दोन्ही ओठ मिटून म्हणून बघा. दात ओठाला लागले की तो ‘फॅन’मधला फ होतो, तो नको.

दुसरी, जोर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्या ‘टॉ’वर, ‘डेव्हलप’ आणि ‘हॉटेल’मध्ये दुसऱ्या अक्षरावर. जोर चुकला तर ऐकणारा वेगळाच शब्द शोधत बसतो. कोशात जोराच्या अक्षराआधी वर एक छोटी उभी रेघ असते. विषयातले रोज लागणारे चाळीस-पन्नास शब्द त्या रेघेसह वहीत उतरवायला सांगा.

तिसरी, व. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बनियन, हे आपल्या एका व मधून कळत नाही. पश्चिमेसाठी ओठ उ सारखे गोल करून ‘उएस्ट’ म्हणा, दात ओठाला लावू नका. बनियनसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज घुमवा. इथे मराठी लिपीने आधीच मदत केली आहे : दात लागणारा तो व्ह (व्हॅन, ड्रायव्हर, टीव्ही), ओठ गोल तो व (वॉच, वॉर्ड). मुलीला मराठी वर्तमानपत्रातले असे शब्द मोठ्याने वाचायला द्या. फक्त व्ह मध्ये ह घालू नको म्हणावं. आणि व्हॉट्सॲप या हिशेबातून वगळा. लिहिताना व्ह असला तरी तिथे ओठ गोलच.