न्यूयॉर्कमध्ये अस्सल चायनीज पहिल्यांदाच खायचंय, कुठे जाऊ आणि काय मागवू?

नुकतेच आलात, गाडीवरचं ट्रिपल शेजवान जीव की प्राण, बायको शाकाहारी, एवढं तुम्ही लिहिलंय. मग मॅनहॅटनचं चायनाटाउन तूर्त राहू द्या. 7 नंबरची ट्रेन पकडा आणि शेवटच्या स्टेशनला उतरा : फ्लशिंग, मेन स्ट्रीट. चीनच्या सिच्वान प्रांतातले पदार्थ करणारं, चिनी कुटुंबांनी भरलेलं कुठलंही हॉटेल चालेल.

आपला 'शेजवान' शब्द सिच्वानवरूनच आला, पण ती चटणी म्हणजे लाल मिरची आणि लसूण. सिच्वानचा जो खरा मसाला, तो तिच्यात औषधालाही नसतो. मंचुरियन तर मुंबईचंच अपत्य, ते मेनूत शोधू नका. मी शोधलं होतं.

तर पहिल्या खेपेला मी मापो टोफू मागवला, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. लाल तेलाचा तवंग, त्यात थरथरणाऱ्या पांढऱ्या फोडी, वर भुरभुरलेली तपकिरी पूड. दोन घास मजेत गेले. तिसऱ्याला ओठ झिणझिणायला लागले, जीभ बधिर झाली, घाबरून पाणी प्यायलो तर पाणीच आंबूस लागलं! ॲलर्जी उठली अशी खात्री होऊन मी फोनवर जवळचं हॉस्पिटल शोधत होतो. वाढणाऱ्या काकूंनी माझा चेहरा बघितला, हसल्या, आणि आतून एका वाटीत चार दाणे आणून पुढ्यात ठेवले. लालसर, तोंड उघडलेली बोंडं. हुंगून बघितली आणि थेट आजीच्या चुलीपाशी पोचलो. तिरफळ! बांगड्याच्या आमटीत पडतं ना, त्याचंच चुलत भावंड. दोन्हीकडे बी फेकून टरफलच वापरतात. चिनी लोक याला ह्वाच्याव म्हणतात, आणि त्या चवीला 'माला' : मा म्हणजे बधिरपणा, ला म्हणजे तिखट. यातून लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरेल या भीतीने अमेरिकेत 1968 पासून 2005 पर्यंत याच्या आयातीवर बंदी होती.

वहिनींसाठी दी सान श्यान मागवा. वांगं, बटाटा, ढोबळी मिरची तळून लसूण-सोया सॉसमध्ये घोळवलेली. गंमत म्हणजे हा पदार्थ चीनच्या ईशान्येचा, म्हणजे जुन्या मांचुरियाचा. खरं 'मंचुरियन' हे असं वांगं-बटाटा निघालं! व्हिनेगरमधला बटाट्याचा कीसही घ्या. करकरीत लागतो म्हणून कच्चा राहिला असं समजून परत पाठवू नका, तो तसाच असतो.

मापो टोफूत मात्र बहुधा खिमा असतो, परतलेल्या फरसबीतही. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. 'मांस, खिमा, ऑइस्टर सॉस, चिकनचं पाणी नको' हे फोनवर चिनीत भाषांतर करून दाखवा. एकच प्लेट एकट्यापुढे ओढून घेऊ नका, सगळं मध्ये ठेवून वाटून खायचं. सोबत फ्राइड राइस नको, साधा पांढरा भात सांगा. जीभ झिणझिणली की पाण्यापेक्षा तोच कामाला येतो.

परतताना 74व्या स्ट्रीटला उतरलात तर जॅक्सन हाइट्सला आपला किराणा मिळेल. तिरफळं मिळाली तर मला कळवा, मला अजून सापडलेली नाहीत.