मेटल झोन घेऊ की रॅट?

प्रश्न : ताई, माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या एकेरी कॉइलची) स्ट्रॅट गिटार, १० वॅटचा अँप आणि बॉसचं डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल आहे. आमचा बँड मेटल वाजवतो. घरी डिस्टॉर्शन फुल्ल केलं की आवाज भरदार वाटतो, पण जॅमरूममध्ये ड्रम सुरू झाले की माझी गिटार ऐकूच येत नाही. म्हणून जास्त गेनचं (सिग्नल आणखी वाढवणारं) पेडल घ्यायचंय. बॉसचं मेटल झोन घेऊ की रॅट नावाचं पेडल? मेटल झोनमधून नुसत्या माश्या घोंगावतात असं मित्र म्हणतात. शिवाय आमच्या चाळीत हम (विजेची गुणगुण) फार येतो.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : गेन तुझ्याकडे गरजेपेक्षा जास्तच आहे, कमी पडतोय तो मिड, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सींचा आवाज. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलचे शेंडे छाटणं. नॉब जितका पुढे नेशील तितकं सगळं सपाट होतं. मग हळू वाजव नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच राहतो आणि पिकचा ठोका त्यात बुडतो. घरी एकटा वाजवतोस तेव्हा हे जाणवत नाही. बँडमध्ये खालची जागा बेस आणि किक ड्रमने घेतलेली असते, वरची सिंबलनी. गिटारला उरतो मधला पट्टा, साधारण ५०० ते २००० हर्ट्झचा. आणि डीएस-१चा टोन नॉब मध्यावर ठेवला की नेमका ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, कारण त्याचं टोन सर्किटच तसं आहे. त्या पेडलवर मिडचा वेगळा नॉबही नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे : मेटल झोन घे, सेकंडहँड चालेल. दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर ही पेडल्स नेहमी येतात आणि बहुतेकांचा मिड पार खाली ओढलेला असतो. माश्या तिथून येतात. १९९१ पासून विकल्या जाणाऱ्या या पेडलवर मिडसाठी एकावर एक बसवलेले दोन नॉब आहेत. एकाने मिड १५ डेसिबलपर्यंत वाढतो किंवा कमी होतो, दुसऱ्याने तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, हे २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत ठरवता येतं. इतका मोठा पल्ला असल्यामुळे नॉब नखभर फिरवला तरी आवाज पालटतो. हाय आणि लो मध्यावर ठेव, डिस्टॉर्शन घड्याळाच्या नऊ-दहावर. मिड थोडा वाढव, बेसवाल्याला आणि ड्रमरला वाजवत ठेव आणि फ्रिक्वेन्सीचा नॉब सावकाश फिरव. जिथे तुझी रिफ त्यांच्यामधून बाहेर येईल तिथे थांब. हे घरी करू नकोस, घरी केलेलं सेटिंग जॅमरूममध्ये कामाला येत नाही.

जॅमरूमच्या अँपला मागे इफेक्ट्स रिटर्न नावाचं सॉकेट असेल तर पेडलमधून बाहेर येणारी वायर एकदा तिथे लावून बघ. अँपचा प्रीअँप (आवाजाला रंग देणारा पहिला टप्पा) वगळला जातो आणि मेटल झोन मोकळं वाजतं. लावताना पेडलचं लेव्हल शून्यावर ठेव, कारण बऱ्याच अँपमध्ये मग व्हॉल्यूमचा ताबा त्या एकाच नॉबकडे जातो.

मिड वाढवला तर मेटल राहील का, ही शंका तुला येईल. स्टॉकहोमच्या डेथ मेटल बँडनी बॉसच्या एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलचे सगळे नॉब फुल्ल करून जो करवती आवाज काढला, त्यात हजार हर्ट्झच्या आसपास मिड भरपूर उचललेला आहे. तेच पेडल बॉसने २०२१मध्ये पुन्हा काढलं, इतकी त्या आवाजाला मागणी.

रॅट मला मनापासून आवडतं, पण तुझ्या कामाचं नाही. त्याचा बास जरा सैल वाटतो, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले ठोके) हवे तसे घट्ट येत नाहीत. कधी वाजवून बघितलंस तर एवढं लक्षात ठेव : त्याचा फिल्टर नॉब पुढे नेला की ट्रेबल कमी होतो.

धोबी तलावला दुकानात जाशील तेव्हा स्वतःची गिटार घेऊन जा. तिथल्या हंबकरच्या (दुहेरी कॉइलच्या पिकअपच्या) गिटारवर ऐकलेलं पेडल तुझ्या स्ट्रॅटवर तसं वाजणार नाही.

आता हम. सिंगल कॉइल विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण पकडणारच आणि गेन तिला मोठं करणार. गेन उतरवलास की अर्धी कटकट तिथेच मिटेल. पिकअप सिलेक्टर दोन आणि चारवर बघ, मधली कॉइल उलटी गुंडाळलेली असेल तर हम बराच बसतो. पण चाळीतल्या जुन्या वायरिंगला बरेचदा अर्थिंगच नसतं, त्याची मला जास्त काळजी वाटते. हम जावा म्हणून अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे मी पाहिलेत. तू ते कधीच करू नकोस. अँपमध्ये बिघाड झाला तर २३० व्होल्ट तारांवाटे थेट तुझ्या हातात येऊ शकतात. पेडलबिडल नंतर घे, आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घे.

प्रश्न : मुलाच्या डिस्टॉर्शन पेडलचे नॉब पावसाळ्यात फिरवताना खरखरतात. बॅटरीही सारखी संपते. नवीन पेडल घ्यावं लागेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही. दमट हवेने आणि धुळीने नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या (पोटच्या) आतला पट्टा खराब होतो. लॅमिंग्टन रोडला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. बॅटरी काढा, मागचं झाकण उघडा, पोटच्या फटीत थोडासा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा. घरातलं कुठलंही तेल घालू नका, त्यावर धूळ बसून खरखर वाढते. बॅटरीचं कारण बहुधा इनपुटला लावून ठेवलेली वायर. या पेडल्सना वेगळा स्विच नसतो, वायर खोचली की पेडल चालू होतं, दिवा बंद असला तरी. वाजवून झालं की वायर काढायला सांगा. अडॅप्टर घेणार असाल तर ९ व्होल्टचा आणि पिनच्या मध्ये ऋण टोक असलेला घ्या, पेडलवर तशी खूण छापलेली असते. कीबोर्डचा अडॅप्टर तसाच लावू नका, त्यात बरेचदा मध्ये धन असतं.