नवीन वर्षासाठी वैयक्तिक ध्येयं कशी ठरवावीत? माझी तर फेब्रुवारीपर्यंतही टिकत नाहीत

पूजेला बसलं की गुरुजी सांगतात, 'संकल्प सोडा', आणि आपण पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडतो. मी बरीच वर्षं दर जानेवारीत गुरुजींचं शब्दशः ऐकत होतो. 2019ची डायरी अजून कपाटात आहे. पहिल्या पानावर अकरा ध्येयं, खाली दुहेरी रेघ. सातव्या पानापासून दुधाचा हिशेब.

तुम्ही तुमची यादी दिली आहे: बारा किलो वजन कमी, साखर बंद, महिन्याला पाच हजार बचत, पन्नास पुस्तकं. यादीत वाईट काही नाही. पण सगळ्याची मुदत 31 डिसेंबर. एवढी लांबची मुदत असली की आज दांडी मारली तर बिघडलं कुठे, असं वाटणारच.

माझी आजी चौथी शिकलेली. ती दर वर्षी चातुर्मासाचा नेम धरायची. कधी वांगं सोडायची, कधी मौनाने जेवायची. एका वर्षी तिने लाख वाती करायच्या ठरवल्या. आषाढी ते कार्तिकी एकादशी म्हणजे 118 दिवसांच्या आसपास. रोज साडेआठशे वाती केल्या तर लाख पुरे होतात. आजी मात्र नऊशे करायची. दुपारी जेवणं आवरली की ओटीवर बसून, पाय पसरून, बोटांना राख लावून कापूस वळत राहायची. शंभर झाल्या की वाटीत एक चिंचोका. नऊ चिंचोके पडले की उठायची, मग शेजारीण कितीही रंगात आलेली असो.

रोज साडेआठशे पुरत असताना नऊशे कशाला, हा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी मांडला. नऊशेने 112 दिवसांत लाख होतात. सहा दिवस शिल्लक. त्या वर्षी तिला ताप आला, पाहुणे आले, एकदा माहेरी जावं लागलं. पण तिचा नेम काही मोडला नाही, कारण मोडायचे दिवस तिने आधीच धरले होते. त्रिपुरी पौर्णिमेला वाती देवळात लागल्या, घरी पुरण झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई मोकळी. पुढच्या आषाढापर्यंत वातींचं नाव नाही.

मी आता तसंच करतो. वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन तुकडे. एका तुकड्यात एक गोष्ट धरायची, एक सोडायची, बस्स. पहिल्यांदा धरलं ते रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चालणं. सोडलं ते अंथरुणातला मोबाइल; तो दहा वाजता स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला. पहिला आठवडा मी पाणी प्यायच्या निमित्ताने चार-चार वेळा उठत होतो, हेही सांगून टाकतो.

चार महिने जास्त वाटत असतील तर एक गोष्ट ध्यानात घ्या. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे आपण सगळीकडे ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर बारा आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं निघालं. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणजे 118 दिवस बहुतेकांना पुरावेत.

आता तुमच्या यादीकडे. साखर 1 जानेवारीला सोडणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. चौदा दिवसांत संक्रांत, मग रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू आणि तीळगूळ. एक तर रथसप्तमीनंतर सुरू करा, नाही तर तीळगूळ माफ असं आधीच लिहून ठेवा. चोरून खाल्लेल्या तीळगुळाने नेम मोडतो, ठरवून खाल्लेल्याने नाही. चालणं मात्र जानेवारीतच सुरू करा, थंडी साथ देते. जूनमध्ये नव्याने सुरू करणारे लोक मला तरी जुलैत दिसलेले नाहीत.

बचतीचं ध्येय जानेवारीला बांधूच नका. ते 1 एप्रिलचं काम, आर्थिक वर्षाबरोबर. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं बचत खातं, असेल तर दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत पैसे जातील असं बँकेला सांगून ठेवा, कारण व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. 6 तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. एकदा सांगितलं की तिथे तुमच्या निश्चयाची गरजच उरत नाही.

'बारा किलो' हे ध्येय खोडा. वजन काट्याच्या हातात, चालणं तुमच्या. पन्नास पुस्तकांचं तर मला कौतुकच वाटत नाही. आकडा गाठायला माणूस पातळ पुस्तकं शोधू लागतो. मी शोधली आहेत.

आणि उद्यापन विसरू नका. चार महिने झाले की घरच्यांना आवडीचं काही खाऊ घाला आणि आठवडाभर काहीही करू नका.

माझा सध्याचा नेम रोज दोन पानं हाताने लिहिण्याचा आहे. आजीसारखीच वाटी आणि चिंचोके ठेवलेत. धाकटी त्यातले खेळायला पळवते, त्यामुळे कालची मोजणी तीनने कमी भरली. तिचं म्हणणं, मीच लिहिलं नसेल.