जुनं लॉनमोव्हर नव्या नियमात बसवता येतं का?

कॅलिफोर्नियात सॅन होजेला घेतलेल्या घराबरोबर तुम्हाला 2005 चं साइड-वॉल्व्ह मोव्हर मिळालं. छोट्या इंजिनांना धूर सोडू न देणाऱ्या 2024 च्या नियमाने ते बाद होईल का, की मफलरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू जाळून टाकणारा भाग) बसवून चालेल, असं विचारलंय.

बाद होत नाही. कॅलिफोर्नियाचा नियम 2024 च्या मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनांना आहे, जनरेटरना 2028 पर्यंत सवलत. घरातलं जुनं खुशाल वापरा. (लीफ ब्लोअरचं मात्र गावागणिक वेगळं असतं, ते आधी बघून घ्या.)

कन्व्हर्टरचा विचार सोडा. तुमच्या इंजिनात वॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात, त्यामुळे जळायची जागा चपटी आणि पसरट. थंड भिंतींपाशी ज्योत विझते आणि तिथलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. शिवाय हवेवर थंड होणारं इंजिन तापू नये म्हणून कंपनीच मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असं ठेवते. धुरातल्या हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोवॅट-तासाला 16.1 ग्रॅमची मर्यादा होती, ती इथे 2007 ला आणि बाकी देशात 2012 ला 10 वर आली. त्यासाठी कंपन्यांनी बरीच इंजिनं ओव्हरहेड वॉल्व्हवर (वॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर) नेली, कार्ब्युरेटर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) करून त्याच्या स्क्रूवर टोप्या बसवल्या, म्हणजे कोणी ते फिरवू नये. हे सगळं कारखान्यात होतं, गॅरेजमध्ये नाही. तुमच्या रिच धुरावर कन्व्हर्टर लावलात तर त्याला पुरेसा ऑक्सिजनच मिळणार नाही, नुसता तापेल.

उलटा उद्योग मीही केलाय. नवं लीन इंजिन वर-खाली हुंकारत होतं, म्हणून बारीक ड्रिलने कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठं केलं. हुंकार थांबला, पण महिन्याभरात प्लग काजळीने काळाकुट्ट. खरं दुखणं निराळंच होतं: हिवाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलची राळ आयडल जेटमध्ये बसली होती. गिटारच्या सर्वात बारीक तारेने ती निघाली असती. जेट मात्र नवं घ्यावं लागलं.

तुमच्या हातात आहे ती गळती. पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर कमी झिरपणारी नवी टाका, टाकीच्या झाकणाचं गॅस्केट बदला. मग डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी) गळतेय. आधी सुई, मग ऑइल बदला. तोवर दोरी ओढू नका.