हेजहॉग घ्यायचा का? आधी रात्रीचं आणि डिसेंबरचं बोलू

तुम्ही टेक्सासात डॅलसला राहता, नऊ वर्षांच्या लेकीला हेजहॉग, म्हणजे तो अंगभर काटे असलेला छोटा प्राणी, हवाय, घरात मांसमच्छी शिजत नाही, सासूबाई सहा महिने राहायला आल्यात, दर डिसेंबरला भारतवारी असते आणि नवऱ्याची कॅलिफोर्नियातल्या बे एरियात बदली होण्याची चर्चा आहे. ‘पिंजरा लहान, आवाज नाही, वास नाही, मग अडचण काय?’ असं तुमचं म्हणणं. आम्ही ओहायोत बरीच वर्षं हा प्राणी पाळतोय, सध्याचा, नाव फणस, हा आमचा दुसरा. तर माझं मत सांगते, थोडं लांबेल.

बदलीपासून सुरुवात करते. कॅलिफोर्नियात हेजहॉग पाळणं बेकायदा आहे. विकणंच नाही, घरात ठेवणंसुद्धा. पळून गेलेले प्राणी तिथे रुजले तर शेतीला आणि स्थानिक वन्यजीवांना त्रास होईल, अशी भीती त्यामागे आहे. हवाई, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क शहरातही तो पाळता येत नाही. टेक्सासात चालतो. म्हणजे उद्या बदलीचं पत्र आलं तर तुम्हाला तो तिथेच कुणाला तरी देऊन निघावं लागेल, आणि तोवर लेकीला त्याचा लळा लागलेला असणार. बदलीचं नक्की काय ते कळेपर्यंत घेऊच नका.

समजा, बदली टळली. मग प्रश्न उरतो तो रात्रीचा. हेजहॉग दिवसभर झोपतो. लेक शाळेतून येते तेव्हा तो फ्लीसच्या पिशवीत मुटकुळं करून पडलेला असतो, उठवलं तर फुसफुस करून गोळा होतो. त्याचा दिवस उजाडतो रात्री नऊ-दहाला, म्हणजे लेकीची झोपायची वेळ झाल्यावर. त्यानंतर तो चाकावर पळतो, एका रात्रीत काही किलोमीटर सहज. चाक साधारण बारा इंचांचं, भरीव पृष्ठभागाचं हवं. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतात. आणि पळता पळता तो तिथेच शी करतो, ती चाकाला आणि त्याच्या पायांना थापली जाते. वास नसतो असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी सकाळी ते चाक धुतलेलं नाही. पिंजरा लेकीच्या खोलीत नको, तिची झोपमोड होईल. थोडक्यात, हा प्राणी लेकीच्या नावावर असला तरी घरात रात्री जागणाऱ्या मोठ्या माणसाचा असतो. आमच्याकडे ते काम माझ्या नवऱ्याकडे आपसूक गेलं, कारण तो उशिरापर्यंत भारतातल्या टीमच्या कॉलवर असतो आणि फणस त्याच्या मांडीवर.

सासूबाईंना काट्यांची भीती वाटते म्हणालात. त्यांना सांगा, साळिंदराशी याचं नातं नाही. साळिंदर उंदीर-खारींच्या गटातलं, हा चिचुंद्रीच्या जवळचा. याचे काटे सुटून अंगात रुतत नाहीत. घाबरला की टोचतात, निवांत असला की अंगाला सपाट बसतात. मात्र पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना बाळकाटे गळून नवे येतात, तेव्हा ते बेचैन असतं आणि हात लावू देत नाही. नेमकं याच वयात लोक त्याला घरी आणतात आणि ‘आमचाच रागीट निघाला’ म्हणून हिरमुसतात. आणखी एक, म्हणजे नंतर घाबरायला नको. नवा वास आला की तो वस्तू चावून तोंडाला फेस आणतो आणि मान वाकडी करून तो फेस पाठीवरच्या काट्यांना फासतो. बघताना पिसाळल्यासारखं वाटतं, पण ती त्याची सवय आहे.

आता खाणं. तुमच्या घरात खरी अडचण इथे येईल असं मला वाटतं. हा कीटकभक्षी आहे, त्याला शाकाहारावर ठेवता येत नाही. रोजचं खाणं म्हणजे मांजराचं चांगल्या प्रतीचं कोरडं खाद्य, प्रथिनं तीस-पस्तीस टक्के आणि चरबी पंधरा टक्क्यांच्या आत. शिवाय कीटक हवेत. आमच्या फ्रीजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी जिवंत मीलवर्मचा डबा असतो, कारण थंडीत त्या अळ्या सुस्त पडून टिकतात. तुमच्या फ्रीजमध्ये हे चालेल का, हे सासूबाईंना आजच विचारा, प्राणी आणल्यावर नको. अळ्या जपून द्यायच्या, हा प्राणी फार लवकर लठ्ठ होतो, इतका की धड गोळा होता येत नाही. दूध पचत नाही. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट बंद. शेंगदाणेही नकोत, टाळूला अडकतात. आपल्याकडे पाहुणे लाडाने काहीही भरवतात, तेव्हा पिंजऱ्यावर मराठीतच पाटी लावा.

तापमानाबद्दल मात्र जरा विस्ताराने सांगते, कारण बेसावध घरांत हे प्राणी बहुधा इथेच दगावतात. पाळीव हेजहॉग मूळचा आफ्रिकेतल्या उबदार भागातला. त्याला साधारण ७३ ते ८० अंश फॅरेनहाइट, म्हणजे २३ ते २७ सेल्सिअस लागतं, रात्रंदिवस. त्याखाली गेलं की तो शीतनिद्रेत जायचा प्रयत्न करतो. युरोपातला त्याचा भाऊबंद हिवाळाभर झोपून सुखरूप उठतो, पण हा त्यासाठी तयार झालेला नसतो आणि त्यातच मरू शकतो. खूण अशी : पोट गार लागतं, चाल डगमगते, खाणं तसंच पडून राहतं. तसं झालं तर त्याला कपड्याच्या आत आपल्या अंगाशी धरून हळूहळू ऊब द्यायची आणि लगेच डॉक्टरला फोन करायचा. गरम पाण्यात बुडवायचं नाही. रोजच्यासाठी पिंजऱ्यावर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावायचा, तोही थर्मोस्टॅटला जोडून. तुम्ही म्हणाल, टेक्सासात थंडी कुठली! फेब्रुवारी २०२१ मध्ये तुमच्याकडे ऐन गोठणाऱ्या थंडीत वीज गेली होती, ते आठवा. हीटरविना दोन रात्री कशा काढाल, हे आधी ठरवून ठेवा. उन्हाळ्यात एसी फार गार ठेवत असाल तर तेव्हाही तोच धोका.

आजारपणाचं थोडक्यात. आयुष्य चार ते सहा वर्षं, आणि तीन वर्षांनंतर गाठी, कर्करोग वारंवार दिसतात. पाय लुळे पडत जाणारा एक मज्जासंस्थेचा आजारही यांच्यात आहे, त्यावर इलाज नाही. नेहमीचे कुत्र्यामांजरांचे डॉक्टर बहुतेकदा हेजहॉग घेत नाहीत, एक्झॉटिक प्राण्यांचा डॉक्टर लागतो. नुसतं तोंड तपासायलाही भूल द्यावी लागते, कारण तो उलगडतच नाही. डॉक्टर घराजवळ आहे का ते पाहून मगच ब्रीडरकडे, म्हणजे पिल्लं पैदास करून विकणाऱ्याकडे, जा, आणि ब्रीडरला पिल्लाच्या आईबापांच्या आजारांबद्दल विचारा. माणसांसाठी काळजी साल्मोनेलाची, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये हेजहॉगमुळे झालेल्या लागणीबद्दल इशारे दिले होते. त्याचा पापा घ्यायचा नाही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि चाक स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुवायचं नाही.

राहिली भारतवारी. त्याला विमानातून न्यायचा विचार सोडा. महिनाभर सांभाळणारं माणूस हवं, ज्याला अळ्यांची किळस नाही आणि जो रोज थर्मामीटर बघेल. मंडळातल्या ‘ठेव की गं आमच्याकडे’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला एकदा चाक धुऊन दाखवा, मग तिचं उत्तर विचारा. भारतात परत गेल्यावर तिथलाच पाळू, असंही कुणी सुचवेल. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळांवर आपले हेजहॉग आहेत, पण ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पकडायचे नसतात.

तुम्ही विचारलं नाही तरी सुचवते : तुमच्या घराला गिनीपिग जास्त जमेल. दिवसा जागा असतो, गवत, ढोबळी मिरची, कोथिंबीर खातो, फ्रीज उघडला की शिट्ट्या घालतो आणि कॅलिफोर्नियात चालतो. फक्त एकटा ठेवू नका, दोन माद्या घ्या, आणि पिंजरा दुकानात दाखवतात त्यापेक्षा बराच मोठा लागेल.