वाऱ्यात ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार तुटून म्हैस दगावली. तार जुनी होती की वाऱ्यानं तुटली, हे कसं सिद्ध होईल?

उत्तर तुटलेल्या टोकांत असतं, म्हणून ती टोकं जपा. वायरमननं जोड मारताना ती कापून फेकली की निम्मा पुरावा गेला.

खेड्यातल्या ११ केव्हीच्या तारेत बहुतेकदा मधे पोलादी तार आणि भोवती ॲल्युमिनियमचे सहा पदर असतात. नुसत्या ताणानं तुटलेला पदर टोकाशी निमुळता होतो. चिमणीजवळ, म्हणजे खांबावर तार जिथं बांधतात त्या इन्सुलेटरजवळ, वर्षानुवर्षं हेलकावे खाऊन थकलेला पदर मात्र सपाट तुटतो, बारीक होत नाही. टोकाला वितळलेले मणी दिसले तर ठिणगी पडली होती. झोळ पडलेल्या तारा वाऱ्यात एकमेकींना भिडल्या की असं होतं. पण इथं घाई नको: जमिनीवर पडलेलं टोक मातीला टेकूनही वितळतं. म्हणून खांबाला लोंबकळणारं, जमिनीला न टेकलेलं टोक जास्त खरं बोलतं. शेजारच्या तारेवरही तसेच डाग आहेत का, बघायला सांगा. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात खांब कलतात, त्यांचेही फोटो घ्या.

फोटो लांबूनच काढा. पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारेजवळ जाऊ नका, ओली जमीनही जीव घेते.

विद्युत कायदा २००३च्या कलम १६१नुसार जनावर दगावल्याचीही खबर विद्युत निरीक्षकांना द्यावी लागते. पंचनाम्यात ‘दोन्ही टोकं जप्त’ असं लिहून घ्या आणि जनावराचं शवविच्छेदन करूनच पुरा.